मोठ्या शहरातलं मीडियम वेव्ह जाणार का, आणि टॉवरखालच्या जमिनीचं काय?

प्रश्न देवगडहून आलाय. थोडक्यात सांगतो म्हणजे सगळ्यांना कळेल. विचारणारे म्हणतात, अमेरिकेत मोठ्या शहरांतली एएम, म्हणजे आपण ज्याला मीडियम वेव्ह म्हणतो ती रेडिओ स्टेशनं टॉवरची जमीन बिल्डरला विकून बंद पडतायत असं वाचलं, मग मुंबईत आकाशवाणीच्या मालाडच्या टॉवरचं पण तसंच होणार का, रत्नागिरीचं काय, आणि आता एफएम आहे तर आपल्याला फरक काय पडतो. त्यांच्या मामांची जमीन फार पूर्वी सरकारने रेडिओच्या टॉवरसाठी घेतली होती, टॉवर गेला तर ती परत मिळेल का हेही विचारलंय. आणि शेवटी, वडील तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, त्यांचा जुना ट्रान्झिस्टर घरात पडलाय तो ठेवू का भंगारात देऊ. माझी सगळी नोकरी ट्रान्समीटरवर गेली, आता रिटायर होऊन गुहागरला असतो, तर जमेल तेवढं नीट सांगतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तर. मोठ्या शहरातलं मीडियम वेव्ह कमी होत जाणार, ते थांबणार नाही. पण अमेरिकेत ज्या कारणाने जातंय त्या कारणाने आपल्याकडे जाणार नाही, आपल्याकडे जाईल ते वीजबिल, स्पेअर पार्ट आणि माणसं नाहीत म्हणून. आणि शहरात ते गेलं तर शहरातल्या माणसाला फारसं कळणारही नाही. कळेल ते शहराच्या बाहेर, किनाऱ्याने खाली आणि दर्यावर, आणि तिथल्या माणसाला निर्णय घेताना कुणी विचारत नाही. माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याचा हिशोब.

आता जमीन एवढी लागते कशाला ते बघू, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. एफएमचा टॉवर म्हणजे नुसता खांब, अँटेना वर टोकाला टांगलेली, लांबी तीन-चार हात, कारण १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबीच तीन मीटर. मीडियम वेव्हला तसं नसतं. तिथे अख्खा मास्ट, म्हणजे तो उंच लोखंडी खांब, हीच अँटेना. खाली चिनी मातीचा जाडजूड इन्सुलेटर, त्यावर मास्ट उभा, बाजूंनी गाय वायर, म्हणजे मास्टला तोलून धरणाऱ्या तारा, ताणलेल्या आणि त्यांनाही मध्ये मध्ये इन्सुलेटर, आणि बुंध्याला हजारो व्होल्ट. हात लावलात तर शॉक नाही, सरळ भाजतं, आतपर्यंत. म्हणून भोवती कुंपण आणि धोक्याची पाटी.

उंची किती तर साधारण पाव तरंगलांबी. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ५३७ मीटर, पाव म्हणजे १३४ मीटर. मुंबईचीच दुसरी वाहिनी संवादिता १०४४, तिला ७२ मीटर पुरतात. रत्नागिरी ११४३, तिला ६५-६६. पण खरी गंमत वर नाही, जमिनीखाली आहे. मास्टच्या बुंध्यापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा पुरतात, वीतभर खोल, पुस्तकी आकडा १२० तारा आणि प्रत्येक तार पुन्हा पाव तरंगलांबीची. करंट वर मास्टमध्ये जितका चढतो तितकाच खाली जमिनीतून परत यावा लागतो, आणि जमीन वाईट वाहक, म्हणून हे जाळं. आता ५५८ ला हिशोब करा, १३४ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ १४ एकर, आणि त्यात सोळा किलोमीटर तांबं. ११४३ ला तेच सव्वातीन एकरात बसतं. यात गाय वायरचे अँकर, ट्रान्समीटरची बिल्डिंग, सबस्टेशन, दुसऱ्या वाहिनीचा दुसरा मास्ट, आणि मास्ट पडला तर कुणाच्या डोक्यावर पडू नये एवढी मोकळी जागा धरलेली नाही. म्हणून आकाशवाणीच्या ट्रान्समीटरची आवारं बघितलीत तर लोकांना वाटतं सरकारने उगाच कुरण अडवून ठेवलंय. गुरं चरतात, पावसाळ्यात गवत माजतं, मधोमध एक लाल-पांढरा खांब. ते गवत रिकामं दिसतं पण त्याच्याखाली अर्धी अँटेना असते. हे न कळल्यामुळे एका केंद्रावर आवाराच्या कडेने केबलसाठी जेसीबीने चर खणला आणि तारा तोडून टाकल्या, मग आठवडाभर सगळे ट्रान्समीटरमध्ये बिघाड शोधत बसले होते. आणि तांबं चोरीला जातं ते वेगळंच.

पूर्वी हे सोपं होतं, कारण रेडिओ नेहमी शहराच्या वेशीवर बसायचा. मुंबईत २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं स्टेशन सुरू झालं तेव्हा दीड किलोवॅटचा ट्रान्समीटर वरळीला होता, तेव्हा ती वेस होती. नंतर मालाड, मालवणी-मार्व्याकडे, खाडीच्या बाजूला. खाडीची खारट ओली जमीन ही मीडियम वेव्हला सगळ्यात आवडती, आणि तेव्हा तिथे राहायला कोण जाणार होतं? मग शहर येऊन भिडलं. जगभर हेच झालंय, ज्या दलदलीला कुणी विचारत नव्हतं तिलाच आता स्क्वेअर फुटाचा भाव. एएम स्टेशनची अवस्था गिरगावातल्या चाळीतल्या जुन्या भाडेकरूसारखी झालीय, त्याची कमाई किती ते कुणी विचारत नाही, तो बसलाय त्या जागेची किंमत सगळ्यांना पाठ.

अमेरिकेचं आता. तिथे स्टेशन खाजगी कंपनीचं, लायसन्स एफसीसी या सरकारी नियामकाचं, आणि जमीन बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या मालकीची. तिथल्या मोठ्या रेडिओ कंपन्या कर्जात बुडालेल्या. मग ताळेबंद उघडला की दिसतं स्टेशनपेक्षा त्याच्या खालचं कुरण महाग आहे. लॉस एंजेलिसचं केएबीसी ७९०, त्याची दहा एकरांच्या आसपासची जागा १२.५ कोटी डॉलरला गेली, तिथे आता अपार्टमेंट आहेत, आणि स्टेशन दुसऱ्याच स्टेशनच्या मास्टवर भाड्याने बसलं. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाला डब्ल्यूएमएएलची ७५ एकर ७.४ कोटी डॉलरला, नोव्हेंबर २०२० मध्ये टॉवर पाडले, घरं बांधायला. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला डब्ल्यूएफएमई १५६० ची जागा ५.१ कोटीला गोदामवाल्या कंपनीने घेतली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत स्टेशन गप्प झालं, नंतर कमी पॉवरवर आलं. लास वेगासचं केडीडब्ल्यूएन ७२० मार्च २०२३ मध्ये बंद, जमिनीचे ४ कोटी. यातल्या पहिल्या दोघांची एकराची किंमत काढून बघा, लॉस एंजेलिसला एकरी सव्वा कोटी डॉलर आणि बेथेस्डाला दहा लाखांच्याही खाली. म्हणजे कुठलं स्टेशन आधी जाणार हे श्रोते किती यावर कमी आणि पिनकोडवर जास्त ठरतं. चांगलं चालणारं स्टेशनही जागा वाईट असेल, म्हणजे बिल्डरच्या नजरेने चांगली असेल, तर जातं.

कॅनडात बेल या कंपनीने २०२३ मध्ये सहा एएम स्टेशनं बंद केली. युरोपात तर जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी रेडिओने २०१५ च्या अखेरीलाच मीडियम वेव्ह बंद केलं, तिथे जमिनीपेक्षा खर्चाचा मुद्दा होता. आयर्लंडची गोष्ट मला जास्त लागते. तिथल्या सरकारी रेडिओने, आरटीईने, १४ एप्रिल २०२३ ला लाँग वेव्ह २५२ बंद केलं. ओरड आयर्लंडमधून फार नाही आली, ती आली इंग्लंडमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्या आयरिश लोकांकडून, कारण गावाकडचा आवाज त्यांना तेवढ्याच रस्त्याने यायचा. मास्ट त्याच वर्षी जुलैमध्ये पाडला. जमाखर्चात नसलेले श्रोते म्हणतात ते हे.

तुम्ही म्हणाल मग शहरातली जागा विकून लांब स्वस्त जागेत नवं स्टेशन का बांधत नाहीत. बांधता येतं, कागदावर. पण नव्या जागी ती सगळी जमीन, ते सोळा किलोमीटर तांबं, विमानतळाची परवानगी, हाय टेन्शन लाईन, आणि आजूबाजूच्या गावचा विरोध, एवढं करून मिळणार काय तर ज्याचे श्रोते कमी होतायत ते माध्यम. त्यामुळे अमेरिकेत शहाणे लोक डायप्लेक्स करतात, म्हणजे एकाच मास्टवर दोन स्टेशनं, मध्ये फिल्टर लावून, एकाची पॉवर दुसऱ्याच्या ट्रान्समीटरमध्ये उलटी शिरू नये म्हणून. शिकागोची डब्ल्यूबीबीएम ७८० अशीच डब्ल्यूएससीआर ६७० च्या मास्टवर गेली. फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून बऱ्यापैकी लांब हव्यात, मग जमतं. ५५८ आणि १०४४ चं अंतर बघितलंत तर इंजिनिअर म्हणून माझ्या तोंडाला पाणी सुटतं, इतकं आरामात बसेल. म्हणजे उद्या मुंबईत कुणाला खरंच जमीन मोकळी करायची झाली तर मीडियम वेव्ह मारायची गरज नाही, एका मास्टवर सगळं आणा, पॉवर गरजेपुरती ठेवा, बाकीची जमीन सुटते. कमी जमिनीत कमी तारा टाकूनही चालतं, थोडी पॉवर मातीत जाते इतकंच, ओल्या खारट जमिनीत तीही कमी जाते.

अजून एक अडचण जी बाहेरच्यांना माहीतच नसते. शेजारी उंच बिल्डिंग उभ्या राहिल्या की जमीन विकली नाही तरी टॉवर अर्धा मेला. बिल्डिंगचं स्टील, बांधकामाची क्रेन, सगळं अँटेनासारखं वागायला लागतं. क्रेनच्या हुकात व्होल्टेज येतं, खाली उभ्या कामगाराला चटका बसतो, मग तक्रार, मग पोलीस, मग कुणीतरी म्हणतं रेडिओमुळे कॅन्सर होतो. आणि लोकांच्या घरात इंटरकॉममधून बातम्या ऐकू येतात. टॉवर आधी होता, तुम्ही नंतर आलात, हे कोण ऐकतंय.

मालाडचं मग वेगळं कसं? एक तर विकणारा कर्जबाजारी मालक नाही. जमीन सरकारच्या हातातली, आणि सरकारी जमिनीला शंभर बाप असतात, केंद्र म्हणणार आमची, राज्य म्हणणार दिली होती ती रेडिओसाठी, महापालिकेचं आरक्षण वेगळं. शिवाय खाडीकाठ. खारफुटी असेल तिथे सीआरझेड-१, म्हणजे किनारा नियमांतला सगळ्यात कडक पट्टा, आणि मोठी खारफुटी असेल तर पुढे ५० मीटरचा पट्टा, बांधकाम विसरा. त्यातल्या कुठल्या सर्व्हे नंबरला काय लागतं ते नकाशावर बघूनच कळेल, पण अख्खं कुरण उद्या टॉवरवाल्या बिल्डिंगांनी भरेल अशी भीती किंवा आशा, ज्याला जे हवं ते, दोन्ही जरा उतावीळ आहेत. आपल्याकडे असल्या जागा विकल्या जाण्याच्या आधी वर्षानुवर्षं नुसत्या पडून राहतात, हा आपला रोग म्हणा नाहीतर वरदान.

आपल्याकडे टॉवर गप्प होतो तो विजेमुळे. १०० किलोवॅटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर घ्या. नवा सॉलिड स्टेट असला तरी मीटरवर १३०-१४० किलोवॅट ओढतो, जुना व्हॉल्व्हवाला असेल तर विचारूच नका, शिवाय त्याचं कूलिंग. दिवसाला १८ तास धरले तर २,४०० युनिट, महिन्याला ७२,०००, युनिट दहा रुपये धरलं तर सात लाखांच्या वर. एका ट्रान्समीटरचं. आणि व्हॉल्व्ह मिळत नाहीत, कपॅसिटर मिळत नाहीत, शिफ्टला माणूस नाही, जो होता तो माझ्यासारखा रिटायर झाला आणि त्याच्या जागी भरती नाही. मग काय होतं, आधी पॉवर कमी करतात, मग दुपारचं प्रसारण बंद, मग एक दिवस बिघाड होतो आणि दुरुस्तीची फाईल फिरत राहते. जाहीर करून बंद करणं हे फार थोड्यांच्या नशिबी.

आता एफएमचा मुद्दा. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बाइंड नावाची योजना मंजूर केली, २,५३९.६१ कोटींची, त्यात भर एफएम वाढवण्यावर. २८ एप्रिल २०२३ ला एका दिवसात ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू केले, प्रत्येकी १०० वॅटचे. चांगलीच गोष्ट आहे, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी मीडियम वेव्हपेक्षा एफएम शंभर टक्के बरं, आवाज स्वच्छ, मोबाईलमध्ये येतं, गाडीत येतं. शहरात मीडियम वेव्ह ऐकायचं म्हणजे शिक्षा झालीय, एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळ्यांची खरखर त्याच पट्ट्यात. त्यामुळे मुंबईकरांसाठी मी मीडियम वेव्हची बाजू घेणार नाही, उगाच आठवणी काढून रडण्यात अर्थ नाही.

पण १०० वॅट आणि २० किलोवॅट यांची बेरीज-वजाबाकी कोकणात वेगळी लागते. रत्नागिरीचं मीडियम वेव्ह २० किलोवॅटचं. एफएम सरळ रेषेत जातं, साधारण दिसेल तिथपर्यंत. १०० मीटर उंचीवरच्या अँटेनाला क्षितिज चाळीसेक किलोमीटरवर, आणि मध्ये डोंगर आला की संपलं. आपला भूगोल कसा आहे? दर दहा-पंधरा किलोमीटरवर एक खाडी, तिच्या दोन्ही बाजूंना सड्याचे, म्हणजे कातळाच्या पठाराचे, उभे कडे, आणि गावं सगळी खाली घळीत, वाडीत, नारळी-पोफळीच्या सावलीत. सड्यावर एफएम खणखणीत आणि खाली घरात खुसफुस. मीडियम वेव्हची जमिनीलगतची लाट मात्र डोंगर ओलांडून खाली वाकते. तीही कातळावर दमते हे खरं, जांभा आणि कातळ विजेचे वाईट वाहक, म्हणून रत्नागिरीचा आवाज घाटाच्या बाजूला जितका जायला हवा तितका जात नाही. पण समुद्राच्या बाजूला बघा. खारं पाणी जांभ्यापेक्षा हजारो पट चांगलं वाहक, त्यावरून ही लाट जवळजवळ फुकट जाते. म्हणूनच हर्णैच्या, जयगडच्या, मालवणच्या बोटींवर मुंबई आणि पणजी लागायचं, पणजीचं १२८७, मुंबईचं १०४४, भर दुपारी. रात्री तर काय, सूर्य मावळला की वरचा जो थर दिवसा लाटा गिळतो तो विरतो आणि लांबची स्टेशनं आकाशातून परतून येतात, एकावर एक चढतात पण.

म्हणजे मालाडचा मास्ट मुंबईच्या जमिनीवर उभा आहे पण त्याच्या लाटेची निम्मी बाजू अरबी समुद्रावर पडते. जमिनीचा भाव काढणाऱ्याच्या नकाशात ती निम्मी बाजू निळी आणि कोरी असते.

इथे थोडं थांबून उलट बाजूही सांगतो, कारण आमच्या लाईनचे लोक वादळाचा मुद्दा फार ताणतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनच्या बाजूला आदळलं, दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी दिवस लाईट नाही, मोबाईलचे टॉवर बंद, लोकांना शेजारच्या तालुक्यात काय झालं कळत नव्हतं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि जुलैमध्ये चिपळूणचा पूर. अशा वेळी सेलवर चालणारा रेडिओ आणि शंभर किलोमीटरवरून येणारं मीडियम वेव्ह यांना तोड नाही, हे खरंच आहे. अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती संस्थेने ७७ स्टेशनं खास अशा वेळेसाठी पोसलीत, जनरेटर, डिझेल, सुरक्षित खोली, आणि त्यात बरीच एएम आहेत. गाड्यांच्या कंपन्या एएम काढायला लागल्या तेव्हा २०२३ मध्ये तिथे गदारोळ झाला, फोर्डने निर्णय मागे घेतला, संसदेत बिल आलं, सगळा युक्तिवाद आपत्तीचाच. पण आपल्याकडे निसर्गच्या वेळी किती घरांत चालू मीडियम वेव्ह सेट होता? मोबाईलमध्ये मीडियम वेव्ह येत नाही, येऊच शकत नाही, त्याला अँटेना म्हणून फेराइटची कांडी लागते. नुसता टॉवर वाचवून उपयोग नाही, खाली ऐकणारा सेट पाहिजे, आणि वादळाच्या रात्री स्टुडिओत स्थानिक माणूस पाहिजे जो सांगेल की बाणकोटचा रस्ता बंद आहे, अमुक शाळेत सोय केलीय. मुंबईहून किंवा दिल्लीहून गाणी रिले होत असतील तर टॉवर उभा असून नसल्यासारखा. हे आमच्या लोकांना सांगितलेलं आवडत नाही.

बोटींचंही बदललंय. मोठ्या ट्रॉलरवर व्हीएचएफ वायरलेस सेट, जीपीएस, इस्रोचे ट्रान्सपॉन्डर आले, समुद्राची माहिती देणाऱ्या इन्कॉइस या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आणलं जे उपग्रहावरून वादळाचा आणि मासळीचा संदेश मोबाईलवर देतं. त्यांना रेडिओची वाट बघायची गरज नाही. पण छोटी होडी, पात, एक-दोन सिलेंडरचं इंजिन, त्यांच्याकडे यातलं काय असतं ते मिरकरवाड्याला किंवा दाभोळला जाऊन एकदा बघा. मासेमारीची पावसाळी बंदी उठली की सगळ्यात आधी उतावीळ होऊन तेच बाहेर पडतात, आणि मोबाईलची रेंज संपते तिथून पुढे त्यांना हवामानाचं बुलेटिन सांगणारं स्वस्तातलं दुसरं काही नाही.

डीआरएमबद्दल पण लोक विचारतात, म्हणजे डिजिटल मीडियम वेव्ह. आकाशवाणीने देशभर ३५ मीडियम वेव्ह ट्रान्समीटर त्यासाठी तयार केले, त्यात मुंबई आहे. तंत्र चांगलं, मी ऐकलंय, खरखर नाही, कमी पॉवरमध्ये तेवढाच पल्ला, एका फ्रिक्वेन्सीवर दोन-तीन कार्यक्रम, वर मजकूरही पाठवता येतो. काही नव्या गाड्यांच्या सेटमध्ये आहे आणि मालकाला पत्ताच नसतो. पण दुकानात जाऊन हजार रुपयांत डीआरएम सेट मागा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघेल. ट्रान्समीटर आधी आणि सेट नंतर, हे उलटं झालं. सेट स्वस्त झाले असते तर मालाडच्या त्या कुरणाला पुढची तीस वर्षं कुणी हात लावला नसता, असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

आता मामांची जमीन. इथे मी वकील नाही पण आवारांच्या मोजणीच्या, हद्दीच्या भानगडीत बराच वेळ गेलाय म्हणून सांगतो. आधी बघा जमीन गेली कशी. जुन्या १८९४ च्या कायद्याने संपादन झालं असेल, निवाडा झाला, पैसे दिले, कब्जा घेतला, तर ती परत मिळण्याची आशा जवळपास सोडा. सुप्रीम कोर्टाने १९९७ साली केरळच्या एका केसमध्ये स्पष्ट केलंय की ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं तर सरकार ती दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरू शकतं, तसं काम नसेल तर जाहीर लिलाव, पण मूळ मालकाला परत विकायची नाही. २०१३ च्या नव्या कायद्यात कलम १०१ आहे, कब्जा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला, पण ते त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला, आणि तुमच्या मामांकडे तर टॉवर उभा राहून चाललाही, म्हणजे वापर झाला. तिसरी शक्यता, जमीन घेतलीच नव्हती, भाड्याने होती, किंवा कुंपण घालताना शेजारचं थोडं आत गेलं. हे कोकणात फार झालंय, कारण गडगे, म्हणजे हद्दीची दगडी कुंपणं, जुने, मोजणी अंदाजे. तेव्हा तलाठ्याकडून सातबारा काढा, जुने फेरफार काढा, भूमी अभिलेखातून मोजणीचा नकाशा, आणि निवाड्याची नक्कल. सातबारावर अजून मामांचं नाव असेल तर तिथे काहीतरी आहे. नसेल तर उगाच वकिलाला पैसे घालू नका. आणि राज्य सरकारनेच रेडिओसाठी स्वतःची जमीन दिली असेल तर त्यात बहुतेक अट असते, वापर बदलला तर कलेक्टर परत घेऊ शकतो, म्हणजे परत जाते ती सरकारकडेच.

टॉवर खरंच उतरवला तर आवारात काय राहतं याचा विचार कुणी करत नाही. गाय वायरच्या अँकरचे काँक्रीटचे ठोकळे, जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल जमिनीत मुरलेलं असू शकतं, तांब्याच्या तारा ज्या काढण्याआधीच चोर काढतात. रत्नागिरीसारख्या ठिकाणी जमीन मोकळी झाली तर मला विचाराल तर तिथे एफएमचा उंच मास्ट आणि जिल्ह्याचं आपत्ती केंद्र, दोन्ही एकाच कुंपणात असावं, जनरेटर आहे, पाणी आहे, पहारा आहे. पण आधी दुसरं काही मागा. आमदार-खासदाराला निवेदन द्याल तेव्हा नुसतं रेडिओ वाचवा असं लिहू नका, त्याला कुणी भीक घालत नाही. लिहा की मीडियम वेव्ह बंद करण्याआधी कुठल्या गावात आणि किनाऱ्यापासून किती किलोमीटर आत एफएम ऐकू येतं त्याची मोजणी करून जाहीर करा, घळीतल्या गावांत जाऊन, सड्यावर गाडी उभी करून नाही. मच्छिमार सोसायट्यांनी सह्या दिल्या तर त्याला वजन येतं. आणि हवामानाचं बुलेटिन ठरलेल्या वेळी मराठीत, दोन वेळा, वादळात दर तासाला, हे लेखी मागा. मोजणीला एक जीप, एक मीटर आणि पंधरा दिवस लागतात, खर्च म्हणून काही नाही.

राहिला ट्रान्झिस्टर. देऊ नका भंगारात. आधी आतले सेल काढा, गळले असतील तर पत्र्याला हिरवं चढलं असेल, ते व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसा आणि कोरडं करा. वॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरतं त्याला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. मग संध्याकाळी घराबाहेर, लाईटच्या वायरपासून लांब नेऊन लावा, आणि सेट हळूहळू गोल फिरवा, आतली फेराइट कांडी स्टेशनला आडवी असली की आवाज वाढतो आणि टोक स्टेशनकडे झालं की बसतो. इन्व्हर्टरची खरखर घालवायची असेल तर हीच युक्ती उलटी, टोक खरखरीकडे करा. देवगडला रत्नागिरीचं ११४३ आणि पणजीचं १२८७ दोन्हींवर सुई नेऊन बघा, काय लागतंय, किती वाजता लागतंय ते तारखेसकट वहीत लिहा, आणि निवेदन देताना ती पानं जोडा.